छप्पन्न पोरं, एकशे बारा दाढा

२ जुलै २०१२, सोमवार

शैलेशने आज मला ‘भावनिक’ म्हटलं. कॉलेजच्या मीटिंगमध्ये, बारा माणसांसमोर, आणि वर हसून. हाच शैलेश तिसऱ्या वर्षाला माझ्या जर्नलमधून आकृत्या उतरवायचा. आता तो प्राध्यापक झालाय आणि मी पनवेलच्या लाइन आळीत दात उपटणारी बाई. उपटते तर उपटते. चौदा वर्षं उपटतेय म्हणूनच सांगते, की उपटायची वेळ यायलाच नको.

वाद लेपाचा. सहाव्या वर्षी पोरांना दुधाच्या दातांमागे पहिली कायमची दाढ येते. आईबापांना वाटतं तीही दुधाचीच. तिच्यावर खोल खाचा असतात, त्यांत खाल्लेलं बसतं, आणि नवव्या-दहाव्या वर्षी ती माझ्याकडे येते तेव्हा आत नुसतं भगदाड. दाढ आल्या आल्या खाचा बुजवून टाकल्या की कीड लागायला जागाच उरत नाही. कॉलेज तालुक्यातल्या चाळीस शाळांत हा लेप लावणार आहे. कुठला लावायचा, एवढंच ठरायचंय.

पांढरा लेप म्हणजे रेझिन. पुस्तकात त्याचा मान पहिला. पण त्याला दाढ ठणठणीत कोरडी लागते. थुंकीचा एक थेंब लागला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे खुर्ची, हवेचा पंप, थुंकी ओढायची नळी, म्हणजेच कॉलेजची मोठी व्हॅन. गुलाबी लेप म्हणजे ग्लास आयोनोमर. पूड आणि पातळ औषध कालवायचं आणि बोटाने दाढेवर दाबायचं. थोडी ओल चालते. वीज नको, व्हॅन नको. शैलेशचं म्हणणं, गुलाबी टिकत नाही. माझं म्हणणं, शेलखारच्या रस्त्यावर तुझी व्हॅन टिकत नाही. न्हावा शेवाच्या कंटेनरगाड्यांनी त्या रस्त्याची काय दशा केलीय ती बघ आणि मग बोल.

शेवटी म्हणाला, “मग सिद्ध कर.” ठरलं ते असं. शेलखारची शाळा, पहिली-दुसरीची पोरं. प्रत्येकाच्या खालच्या दोन दाढा. एका बाजूला पांढरा, दुसऱ्या बाजूला गुलाबी, कुठली बाजू कुणाला ते नाणं उडवून. एकाच तोंडात दोन्ही, म्हणजे खाणं तेच, घासणं तेच, भांडण फक्त दोन लेपांचं. मधे कोणी हात लावायचा नाही. सहा महिन्यांनी आणि वर्षाने मोजायचं. गुलाबी बरोबरीला आला तर चाळीसच्या चाळीस शाळा. नाही आला तर व्हॅन जाईल तिथेच लेप, आणि खाडीकडची गावं रामभरोसे.

शेलखार माझं माहेर. माझी खालची उजवी दाढ अकराव्या वर्षी तिथूनच पनवेलला आणून उपटली. अजून मी डावीकडूनच चावते. हे मी मीटिंगमध्ये बोलले, म्हणून मी भावनिक.

जेवताना माझा नवरा हरेश म्हणाला, “तुला दाढा वाचवायच्यात की शैलेशला पाडायचंय?” मी म्हटलं, दोन्ही. अभ्यासाचं रजिस्टर वेगळं ठेवलंय. त्यात जे लिहिता येत नाही ते या वहीत लिहीन.

९ जुलै, सोमवार

शाळेत पालकसभा. पुरुष सात, बायका पन्नासेक. मी दाढेचं चित्र काढून समजावलं. पहिल्या रांगेतली रंभाआजी म्हणाली, “दुदाचा दात हाय गो. पडंल नि नवा येल. त्याला कशाला सिमिट?” सगळ्या हसल्या. एकीने विचारलं, आमच्याच पोरांवर का करून बघता, खारघरच्या पोरांवर करा की. प्रश्न वाकडा नव्हता. मी सांगितलं, दोन्ही औषधं जगभर वापरतात, करून बघायचंय ते एवढंच, की आपल्याकडे कुठलं टिकतं. त्यांना पटलं नाही.

मग कमळाकाकी उठली. शाळेत खिचडी शिजवते ती. शाळेतल्या सगळ्या पोरांची नावं, बसायच्या जागा, कोण भात टाकतं, कोण दोनदा घेतं, सगळं तिला पाठ. तिने सभेसमोर स्वतःचा आ वासला आणि बोट घातलं. “ही जागा रिकामी हाय ना? नि ही? मना पन दुदाचाच दात सांगितला व्हता. साठ वरसं वाट बगतंय, नवा काय आला नाय.” त्यानंतर पहिली-दुसरीच्या एकसष्ट पोरांपैकी छप्पन्नांच्या घरचे अंगठे आणि सह्या.

काकीला मी हजेरीचं काम दिलं. कॉलेजची जीप, जनरेटर आणि यंत्रं फक्त बुधवारी मोकळी असतात, म्हणून शिबिर पुढच्या बुधवारी, अठराला. काकी म्हणाली, “बुदवार? त्यो बुदवार कशाला?” मी म्हटलं, जीप. “बरा,” म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

या लोकांशी कसं बोलायचं ते शैलेशच्या सात पिढ्यांना कळणार नाही. गाव कळायला गावातच जन्मावं लागतं.

१८ जुलै, बुधवार

झालं! छप्पन्न पोरं, एकशे बारा दाढा.

सकाळी आठला सुरू केलं ते साडेपाचला हात धुतले. बाकावर पोर आडवं, डोकं माझ्या मांडीवर, काकीच्या हातात बॅटरी. पांढऱ्याला प्रत्येकी सहा-सात मिनिटं. आधी निळं आम्ल, मग धुणं, मग वाळवणं, मग लेप, मग निळा दिवा. तेवढ्यात जीभ हलली की पुन्हा. जनरेटर तीनदा बंद पडला. गुलाबी मात्र काय विचारता! कालव, ठेव, दाब, दोन मिनिटांत पोर उठून पळालं. प्रणित नावाच्या दुसरीतल्या पोराने माझं बोट असं चावलं की रक्त आलं. त्याला म्हटलं, दाढ मजबूत आहे रे तुझी, लेपाची गरज नाही. तर तो रडायलाच लागला, लेप पाहिजे म्हणून.

एक फरक रजिस्टरात लिहिलाय, इथेही लिहिते. पांढरा निळ्या दिव्याखाली जागच्या जागी पक्का होतो. गुलाबी हाताला घट्ट लागतो, पण आतून पुरता पिकायला एक दिवस घेतो. म्हणून चोवीस तास कडक खायचं नाही. कॉलेजने त्याचं छापील पत्रक दिलंय. मी ते सगळ्या पोरांकडून तीनदा म्हणून घेतलं. चिक्की नाही. भाजलेले चणे नाहीत. ऊस नाही. सुपारी नाही. बर्फाचा गोळा नाही. अक्रोड नाही. शेलखारात अक्रोड कोणी बघितलेला नाही, पण पत्रकात आहे म्हणून तोही म्हणून घेतला. शाळा दुमदुमली.

परतताना दादाने सोडलंच नाही. धर्मराजदादा, माझा मोठा भाऊ. उद्या अमावस्या, त्यात गुरुवार, परवापासून श्रावण, त्यामुळे गटारी आजच. घराघरातून वाटणाचा वास. सत्यवतीवहिनीने चिंबोऱ्या केल्या होत्या, खाजणाच्या चिखलातले तळहाताएवढे खेकडे, अंड्यांच्या तांबूस लाखेने भरलेले. महिनाभर आता मिळायच्या नाहीत म्हणून सगळे तुटून पडले. माझी भाची समृद्धी, वय वर्षं सात, छप्पन्नातली तेविसावी, माझ्या शेजारी बसली होती. वहिनी नांग्या फोडायला वरवंटा आणायला निघाली. मी म्हटलं, कशाला, देवाने दाढा कशाला दिल्यात? समृद्धीने नांगी दाढेखाली धरली आणि कडकन फोडली. मी डावीकडून, ती उजवीकडून, दोघी कडाकडा. दादा म्हणाला, आत्या-भाचीच्या तोंडात अडकित्ते आहेत. या दाढांना आता मरण नाही, असं मी म्हटलं आणि रस्सा दुसऱ्यांदा घेतला.

किती दिवसांनी एवढी खूश झोपणार आहे.

२० सप्टेंबर, गुरुवार

काल दादाकडे गणपतीला गेले होते. समृद्धी मोदक खाताना हसली आणि मला दिसलं. उजवीकडचा गुलाबी लेप नाही. खाचा उघड्या.

मधे कोणी हात लावायचा नाही, हे माझ्याच हाताने लिहिलेलं आहे. पण पोर समोर बसलेली, दाढ उघडी, आणि मी कोण? आज दुपारी तिला दवाखान्यात आणलं आणि पाच मिनिटांत नवा गुलाबी लावला. दिवसभर पेज आणि दूध-भात दिला. रजिस्टरात लिहिलं नाही. एका दाढेने काय होतंय. एखादा लेप पडणारच, तिच्या नशिबी तो एक आला. कुठल्याही आत्याने हेच केलं असतं.

१६ जानेवारी २०१३, बुधवार

आताच शेलखारहून आले.

सहा महिन्यांची मोजणी. दोन पोरं गाव सोडून गेली, चोपन्न तपासली. शैलेश स्वतः आला होता, पांढरे बूट घालून. तो तोंडात बघायचा आणि बोलायचा, मी लिहायची. पांढरा पडला, अकरा. गुलाबी पडला, बत्तीस.

बत्तीस!

पहिल्या दहा पोरांपर्यंत मला वाटलं, आता थांबेल. मग नुसती लिहीत गेले. गेला. गेला. आहे. गेला. शैलेश एकदाही हसला नाही, हे त्याचं मोठेपण, आणि त्याचाच मला जास्त राग आला. जाताना म्हणाला, “वर्षाची मोजणी करू, पण मनिषा, हे आता फिरत नाही. मी विभागप्रमुख मॅडमना रेझिनचं सांगतो.” कीड अजून कुठल्याच बाजूला नाही म्हटलं, तर म्हणाला, कीड लागायला सहा महिने पुरतात कुठे. खरं आहे ते.

पूड जुनी निघाली असेल. पावसातली हवा. पोरांनी टाचणीने कोरलं असेल. मी कालवताना पातळ झालं असेल? नाही. चौदा वर्षं कालवतेय.

आणि एक गोष्ट झाली, ती लिहायची नव्हती. समृद्धीचा नंबर आला तेव्हा शैलेश म्हणाला, “गुलाबी, आहे,” आणि मी ‘आहे’ लिहिलं. तो गेल्यावर कमळाकाकी बॅटरी विझवत म्हणाली, “बाकीच्यांचा गुलाबी मलका जालाय. समृद्दीचा नवा कोरा कसा?”

मी सांगितलं, पडला होता, परत लावला. भाची ना माझी, उघडी कशी ठेवू?

काकी खाली बसली. पदराने बॅटरीची काच पुसली. म्हणाली, “मंग बाकीच्यांची आत्या कोन?”

स्कूटर काढली आणि आले.

१८ जानेवारी, शुक्रवार

दोन दिवस कमळाकाकीवर चिडून काढले. खिचडी शिजवणारी बाई मला शिकवते! अभ्यास म्हणजे काय ते तिला काय माहीत? नियम आहे म्हणून बाकीच्यांना हात लावला नाही. नियमाप्रमाणे वागले.

समृद्धीच्या वेळी नियम कुठे गेला होता, हे विचारायला घरात कोणी नव्हतं, म्हणून मीच विचारलं. मी लबाडी केली. ही वही माझी आहे, इथे तरी त्याला दुसरं नाव देत नाही. मला जिंकायचं होतं, आणि शैलेश ‘आहे’ म्हणाला तेव्हा मला बरं वाटलं, हे तर त्याहून वाईट.

रजिस्टर उघडून तेविसाव्या नावासमोर तांबड्या शाईने लिहिलं: ‘२० सप्टेंबरला मी पुन्हा लावला. मोजणीतून बाद.’ सही केली. राहिली त्रेपन्न. त्यांत गुलाबी बत्तीस पडलेले, एकवीस शाबूत.

हरले तर हरले. पण या बत्तीस उघड्या दाढा आता जुलैपर्यंत तशाच ठेवायच्या?

२७ जानेवारी, रविवार

दादाकडे जेवायला. आज पुन्हा चिंबोऱ्या. समृद्धीने नांगी उचलली तशी वहिनीने तिच्या हातावर चापट मारली. “दाढेने नको. गटारीला फोडलीस नि आत्याचं औषध ताटात सांडलंस.”

मी विचारलं, काय सांडलं?

वहिनी सहज म्हणाली, “गुलाबी तुकडा होता की तिच्या ताटात. मला वाटलं लाखेचाच असेल, टाकून दिला. नंतर गणपतीत तू दाढ बघितलीस तेव्हा उमगलं.”

“तेव्हाच बोलली का नाहीस?”

“तू तिथंच बसली होतीस ना वन्सं. तूच म्हणालीस, दाढा कशाला दिल्यात.”

ताट सरकवून उठले. घरी येऊन ही वही मागे उलटली. १८ जुलै. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. घराघरातून वाटणाचा वास. कडाकडा. अडकित्ते. रस्सा दुसऱ्यांदा घेतला. अक्रोडाबद्दल विनोद केलाय मी, आणि खाली चार ओळींवर गावभर चिंबोऱ्या फुटतायत, ते मला दिसलं नाही.

गाव कळायला गावात जन्मावं लागतं म्हणे! जन्मले तिथेच, नांग्या फोडतच मोठी झाले, आणि छप्पन्न पोरांच्या तोंडात ओला लेप लावून त्यांना गटारीच्या जेवणाला घरी सोडलं. शैलेशकडून ही चूक झालीच नसती. त्याला गटारी माहीत नसती तरी त्याने कोणाला तरी विचारलं असतं.

मला कोणालाच विचारावंसं वाटलं नाही. आणि काकीने विचारलं होतं.

३१ जानेवारी, गुरुवार

रडून झालं. आता मोजणी.

सोमवारी काकीकडे गेले. आधी माफी मागितली. ती म्हणाली, “मापी पोरांची माग, मना तांदूळ निवडू लाग.” तांदूळ निवडता निवडता म्हटलं, त्या बुधवारी गटारी होती, तू बोलली का नाहीस? “बोलली. तू जीप सांगितलीस. मना वाटला, डाक्टरीन हाय, तिला ठावं असंल.”

मग मला हवं ते विचारलं. मोजणीतल्या त्रेपन्नांपैकी कुणाच्या घरी त्या दिवशी चिंबोरी नव्हती? काकीने क्षणभरही विचार केला नाही. माळकऱ्यांच्या. गळ्यात तुळशीची माळ, मासळी-मटण वर्ज्य, गटारी असो की शिमगा. तशी घरं वरच्या आळीत आहेत. पोरं बारा. नावं तिने बोटांवर सांगितली, मी रजिस्टरात शोधली.

बारांत गुलाबी पडलेला एक. शाबूत अकरा.

बाकीची एक्केचाळीस पोरं. पडलेले एकतीस.

तीन वेळा मोजलं. मग तीन दिवस आम्ही दोघी घरोघर गेलो आणि पोरांना वेगवेगळं विचारलं, गटारीला काय खाल्लं, नांगी कशाने फोडली. पोरं जेवण विसरत नाहीत. प्रणित म्हणाला, “चार फोडल्या, दोनी बाजूंनी.” त्याचा पांढराही गेलाय.

गुलाबी लेप कच्चा नव्हता. आम्ही त्याला पिकूच दिला नाही. पांढरा दिव्याखाली पक्का होऊन बसला होता म्हणून तो वाचला. याने गुलाबी जिंकला असं होत नाही, बारा पोरं म्हणजे काही पुरावा नव्हे, हे मलाही कळतं. पण हरलाही नाही. पुन्हा मोजायला पाहिजे, एवढं तर नक्की.

९ फेब्रुवारी, शनिवार

कॉलेजमध्ये मांडलं. सगळं. आधी समृद्धीचं, मग गटारीचं, मग माळकऱ्यांचं. समृद्धीचं सांगितलं तेव्हा शैलेशने पेन खाली ठेवलं. चिंबोरीचं सांगितलं तेव्हा मागे कोणी तरी फसकन हसलं.

मी म्हटलं, हसा. पण पत्रक तुमचं आहे. त्यात अक्रोड आहे, चिंबोरी नाही. लिहिणाऱ्याने स्वतःच्या स्वयंपाकघरात बघून लिहिलंय.

मॅडम म्हणाल्या, “तुम्ही तर त्याच गावच्या ना, डॉक्टर? तुमच्या कसं लक्षात आलं नाही?”

“त्याच गावची आहे म्हणून. चिंबोरी मला कडक खाणं वाटतच नाही. ते आमचं जेवण आहे.”

शैलेशने मला बाहेर व्हरांड्यात घेतलं. त्याच्या मनात वाईट नव्हतं, हे लिहायला हवं. म्हणाला, सरळ अहवाल देऊ, रेझिन सरस, आणि एक ओळ टाकू, पालकांनी सूचना पाळल्या नाहीत. भाचीचं तर काढूनच टाक, तू बोलली नसतीस तर कुणाला कळलंही नसतं.

“कमळाकाकीला कळलं होतं,” मी म्हटलं. “आणि सूचना पाळल्या त्यांनी. एकाही पोराने अक्रोड खाल्ला नाही.”

तो हसला. मीही. मग मी सांगितलं, त्या बत्तीस दाढांना मी पुन्हा लेप लावणार आहे. पांढरे पडलेल्या अकरांनाही.

“मग अभ्यास संपला. वर्षाच्या मोजणीला काही अर्थच राहणार नाही.”

“संपू दे. हा संपला की दुसरा करीन.”

निर्णय झालाय. रेझिन, व्हॅन, यंदा अकरा शाळा. पक्क्या रस्त्यावरच्या. खाडीकडचं ‘पुढे पाहू’. मी म्हटलं, पुढे पाहायला दाढ थांबत नाही, ती सहाव्या वर्षी येते आणि नवव्या वर्षी जाते. उरलेल्या एकोणतीस शाळा मी करते, गुलाबीने, स्कूटरवरून. मॅडमनी विचारलं, कुणाच्या परवानगीने? मी म्हटलं, दाढा ज्यांच्या आहेत त्यांच्या.

उद्धट बोलले. हरेश म्हणतो, जरा जास्तच. मला नाही वाटत.

९ मार्च, शनिवार

आजचा दिवस कमळाकाकीने काढून दिला. उद्या महाशिवरात्र. आज शनिवार, उद्या उपास, चूल पेटली तरी साबुदाणा नि रताळी. शेलखारात दोन दिवस नांगी फुटणार नाही. असा मुहूर्त भटजीलाही सुचला नसता.

जनरेटर नाही, जीप नाही. स्कूटरच्या डिकीत पूड, औषध, कालवायच्या काचपट्ट्या, कापसाचे बोळे. नवं पत्रक हाताने लिहून झेरॉक्स केलंय. पहिली ओळ: एक दिवस चिंबोरी नाही. दुसरी: शिंपल्या नाहीत, निवट्या मासळीचे काटे नाहीत. चणे आणि ऊस आहेत, अक्रोड काढला. काकीने वाचून घेतलं आणि एक भर घातली, “आजीच्या पानातली सुपारी पन नाय.” ते मला सुचलं नव्हतं. लिहिलं. मग घरी सोडण्याआधी पोरांनी ते इतक्या मोठ्याने म्हटलं की रंभाआजी दारात येऊन विचारायला लागली, चिंबोरीने कुणाचं काय केलं.

रजिस्टरात नवं पान. तारीख, नाव, कुठली बाजू, त्या दिवशी घरी काय शिजणार आहे. हा रकाना कुठल्याच पुस्तकात नाही, माझ्यात आहे. सप्टेंबरमध्ये सगळ्यांदेखत मोजीन आणि आकडा येईल तो शैलेशला पाठवीन, मला आवडो की न आवडो.

काकीने पोरांना रांगेत उभं केलं होतं. तिने त्यांना काय शिकवून ठेवलं होतं कोण जाणे. पहिलं पोर मांडीवर डोकं टेकवून म्हणालं, “आत्या, दुखंल?” दुसरंही आत्या. तिसरंही. प्रणित तर लांबूनच ओरडला, “आत्या, आज नाय चावनार!” मी काकीकडे बघितलं. ती बॅटरीच्या सेलशी खटपट करत होती, वर बघायला तयार नव्हती.

समृद्धीचा पांढरा एका कडेने उडालाय, त्यामुळे तीही आलेली. नेहमीच्या हक्काने सगळ्यांना मागे सारून थेट माझ्या मांडीशी. मी सांगितलं, मागे जा. तिचं तोंड एवढंसं झालं. म्हणाली, “पण मी तुझी खरी भाची ना?”

“हो,” मी म्हटलं. “रांगेत उभी राहा.”

ती शेवटी जाऊन उभी राहिली. साडेतीनला तिचा नंबर आला.